उन्हाळ कांद्यात डेंगळे आणि लाल भेसळ: पंचनाम्यात नेमके काय लिहून घ्यावे?

प्रश्न: कांदा उत्पादक, निफाड

सर्वांना नमस्कार. आमची शेती निफाड तालुक्यात काळ्या जमिनीत आहे. यंदा घरचे उळे (कांद्याचे बी) कमी पडले, म्हणून उन्हाळ (रब्बी) कांद्याच्या निम्म्या क्षेत्रासाठी परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून सीलबंद पाकिटे पक्क्या बिलावर घेतली. पाकिटावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, किमान उगवण ७० टक्के आणि 'रब्बी हंगामासाठी' असे स्पष्ट छापलेले आहे. घरचे आणि विकतचे अशी दोन्ही रोपे एकाच आठवड्यात टाकली. डिसेंबरच्या मध्यावर एकाच टोळीकडून दोन्हींची लागण शेजारी-शेजारी करून घेतली आणि मध्ये केवळ एक पाट ठेवला. खत, पाणी, फवारणी यांत कोणताही फरक केलेला नाही.

आता फेब्रुवारी संपत आला असताना घरच्या उळ्याचा कांदा एकसारखा, बारीक मानेचा आणि फिकट तांबूस दिसतो आहे. पाटाच्या पलीकडे मात्र जागोजाग डेंगळे (फुलांचे दांडे) निघाले आहेत आणि जेथे डेंगळे नाहीत तेथे गर्द लाल, चपटे, जाड मानेचे आणि पुष्कळसे जोड कांदे आहेत, म्हणजे हुबेहूब रांगडा (उशिरा खरिपात घेतला जाणारा, कमी टिकणारा कांदा). उन्हाळ कांद्याचा सगळा हिशेब चाळीवर, म्हणजे कांदा साठवणुकीवर असतो. एप्रिलमध्ये काढलेला माल पावसाळा ओलांडेपर्यंत टिकला तरच खर्च निघतो, आणि हा माल चाळीत महिनाभरही धरवत नाही, हे नाशिक जिल्ह्यात कोणालाही सांगायला नको.

दुकानदारांनी कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावले. त्यांनी वावर पाहिले आणि थंडी जास्त पडल्यामुळे डेंगळे आले, उगवण तर पूर्ण झाली होती, तेव्हा बियाण्यात दोष नाही, असे सांगून ते गेले. मी तालुका कृषी कार्यालयात आणि पंचायत समितीत लेखी तक्रार दिली असून समिती याच आठवड्यात पाहणीला येणार आहे. माझ्याकडे बिल, सगळी रिकामी पाकिटे आणि एक न फोडलेले पाकीट आहे. पंचनाम्यात काय यायलाच हवे, न फोडलेल्या पाकिटाची प्रयोगशाळेत तपासणी करून काही साधेल का, आणि भरपाई नेमक्या कोणत्या कायद्याने मिळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय असे बियाणे बाजारात येण्यापूर्वीच कोणी तपासत नाही का, हा प्रश्न मला रात्रंदिवस छळतो आहे.

उत्तर: निवृत्त कृषी अधिकारी, नाशिक

दादा, आपली तक्रार मजबूत आहे आणि तिचे सर्वांत मोठे बळ म्हणजे पाटाच्या अलीकडचा घरचा कांदा. कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला ते पूर्ण खोटे नाही. कांदा हे मुळात द्विवर्षायू पीक आहे. रोप एका ठरावीक वाढीला पोहोचल्यावर दीर्घकाळ थंडी मिळाली की ते फुलोऱ्याकडे वळते, आणि जून, म्हणजे वय झालेले रोप लावले असेल तर आणखी लवकर वळते. पण थंडी पाट पाहून पडत नाही. एकाच वयाचे रोप, एकच तारीख, एकच जमीन आणि एकच पाणी असताना एका बाजूला डेंगळे व दुसऱ्या बाजूला स्वच्छ कांदा असेल, तर फरक वाणाचा आहे. रंग आणि मान यांच्याबाबतीत तर हवामानाची सबब मुळीच टिकत नाही, कारण थंडीने कांद्याला फूल येते, पण फिकट तांबूस वाणाचा गर्द लाल रांगडा होत नाही.

म्हणून समितीपुढे पहिला आग्रह हा धरा की दोन्ही तुकड्यांची पाहणी एकाच पंचनाम्यात यावी. नुसते 'डेंगळ्यांचे प्रमाण जास्त आढळले' असे वाक्य चालवून घेऊ नका. प्रत्येक तुकड्यात पाच-सहा ठिकाणी सलग शंभर झाडे मोजून त्यांत डेंगळे किती, जोड किती, वेगळ्या रंगाचे किती, हे आकडे समितीच्या देखत लिहून घ्यावेत. गट क्रमांक, रोप टाकल्याची व लागणीची तारीख, लॉट क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि पाहणीच्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी व विक्रेता हजर होते की सूचना देऊनही गैरहजर होते, हेही त्यात हवे. समितीत कृषी विद्यापीठाचे किंवा संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ असतात, त्यांचे मत कारणासह नोंदवलेले असावे. आपल्या तालुक्यातच चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचे केंद्र आहे आणि कांद्याचे वाण ओळखणारी माणसे तेथे आहेत. गरज वाटल्यास त्यांचे मत घ्यावे, अशी लेखी विनंती आताच करून ठेवा.

न फोडलेल्या पाकिटाविषयी बोलायचे तर ते स्वतः कोठेही पाठवू नका. १९६८ च्या बियाणे नियमांत २३-अ हा नियम आहे. सदोष बियाण्यामुळे पीक फसल्याची लेखी तक्रार अधिसूचित (सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या) वाणाबाबत आली, तर बियाणे निरीक्षकाने तक्रारदाराकडील लेबले, पाकिटे आणि उरलेले बियाणे शक्य तितके ताब्यात घ्यावे आणि त्या लॉटचा नमुना तपासणीस पाठवून कारणाचा शोध घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. पाकीट निरीक्षकाच्या ताब्यात मोहोरबंद करून द्या आणि पोच घ्या.

मात्र प्रयोगशाळेकडून फार अपेक्षा ठेवू नका, हे मी तीस-एक वर्षांच्या नोकरीनंतर सांगतो आहे. प्रयोगशाळा मुख्यतः उगवण, भौतिक शुद्धता आणि ओलावा तपासते. कांद्याला उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे आणि रांगड्याचे बियाणे उन्हाळ म्हणून विकले तरी ते ७० टक्क्यांच्या वर उगवतेच. अहवाल 'प्रमाणित' असा येतो, कंपनी तो फडकावते आणि शेतकरी हताश होतो. वाण खरा आहे की नाही हे शेतात वाढवूनच कळते, त्याला ग्रो-आऊट चाचणी म्हणतात. ती करायला पुढचा रब्बी हंगाम लागेल. आपल्या वावरात आज जे उभे आहे ती हीच चाचणी आहे, म्हणून पीक उभे असतानाच तिची नोंद व्हायला हवी.

आता विक्रीपूर्वी कोणी तपासत नाही का, या प्रश्नाविषयी. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. निळ्या लेबलाचे प्रमाणित बियाणे असेल तर प्रमाणीकरण यंत्रणेने बीजप्लॉटची, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या शेताची क्षेत्र तपासणी केलेली असते, विलगीकरणाचे (दुसऱ्या वाणापासूनचे) अंतर पाहिलेले असते आणि वेगळी झाडे उपटायला लावलेली असतात. हिरव्या, म्हणजे सत्यतादर्शक लेबलाच्या बियाण्याला यातले काही बंधनकारक नाही. पाकिटावर जे छापले ते खरे आहे, अशी ग्वाही कंपनी स्वतः देते. कांद्यात परागीभवन मधमाश्यांमार्फत होते, त्यामुळे एका शिवारात लाल कांद्याचे डोंगळे (बियाण्यासाठी लावलेले कांदे) आणि शेजारी उन्हाळ कांद्याचे डोंगळे असतील तर भेसळ दुकानापर्यंत येण्याच्या कितीतरी आधी, फुलातच होऊन जाते. तेथे पाहणीला कोणी गेलेच नाही, तर नंतर पाकिटातले काळे दाणे पाहून जगातला कोणताही निरीक्षक काही सांगू शकत नाही. माझे स्पष्ट मत आहे की कांद्यासारख्या पिकात बीजप्लॉटची क्षेत्र तपासणी सर्व कंपन्यांना सक्तीची झाली पाहिजे. दुकानातून पाच पाकिटे उचलून गुणवत्ता नियंत्रण होत नाही.

उत्तर: वकील, जिल्हा न्यायालय, नाशिक

वरील उत्तरात कायद्याची बाजू जोडतो. बियाणे कायदा हा दंडाचा कायदा आहे, भरपाईचा नाही. पहिल्या गुन्ह्याला त्यात जास्तीत जास्त ५०० रुपये दंड आहे. पुन्हा गुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. १९६६ साली ठरलेले हे आकडे आजही तसेच आहेत. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली विक्रेत्याचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, पण त्यातून शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. २००४ साली संसदेत मांडलेले बियाणे विधेयक मंजूर झाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा जाहीर केला आणि त्यात दंड पुष्कळ वाढवला, परंतु दंड सरकारजमा होतो. शेतकऱ्याचे नुकसान ठरावीक मुदतीत भरून देणारी सोपी यंत्रणा कायद्यातच असावी, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

आजच्या घडीला भरपाईचा खरा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निःसंदिग्धपणे सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा अस्तित्वात असला तरी ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेसाठी राखून ठेवायला हवा होता, हा कंपनीचा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही, कारण शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो, पुढच्या खटल्यासाठी बाजूला ठेवण्यासाठी नव्हे.

पण याच्या जोडीला २००५ चा हरियाणा बियाणे विकास महामंडळ विरुद्ध साधू हा निकाल वाचला पाहिजे. पिकात फरक दिसतो एवढ्यावरून बियाणे निकृष्ट ठरत नाही. तपासणी अहवालात बियाण्याच्या दर्जाविषयी स्पष्ट उल्लेख नसेल तर फरकाला इतर कारणेही असू शकतात, असे तेथे सांगितले गेले आणि शेतकरी हरले. पंचनाम्यात अमुक टक्के डेंगळे व भेसळ आढळली, एवढेच लिहिलेले असते आणि कारणाची ओळ कोरी असते, अशी कितीतरी प्रकरणे माझ्यासमोर आली आहेत. ती आयोगापुढे उभी राहत नाहीत. म्हणून समितीकडून हे वाक्य आलेच पाहिजे की, लगतच्या क्षेत्रात समान व्यवस्थापनाखाली असे दोष आढळले नसल्याने हा दोष बियाण्याच्या वाणशुद्धतेच्या अभावामुळे आहे. समिती असहमत असेल तर तिने आपले कारण लिहावे, पण ओळ कोरी सोडू नये.

तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगाचे अधिकारक्षेत्र वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, त्यामुळे बियाण्याच्या प्रकरणात शुल्काची चिंता नको. उत्पादक कंपनी आणि विक्रेता या दोघांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करावे. याशिवाय २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९(२) मध्ये, नोंदणीकृत वाणाने सांगितलेली कामगिरी दाखवली नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागण्याची तरतूद आहे. आपला वाण तेथे नोंदवलेला आहे का, एवढे तपासून घ्या.

एक गोष्ट इतरांसाठी सांगतो. गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून त्याच्या घरी जाऊन उळे घेतले असेल तर बियाणे कायदा त्याला लागूच होत नाही, कारण कलम २४ ने स्वतः पिकवून स्वतःच्या जागेवर थेट विकलेले बियाणे वगळलेले आहे. ही सवलत शेतकऱ्यांच्या भल्याची आहे आणि ती राहिली पाहिजे. मात्र तिचा आडोसा घेऊन विनालेबलच्या पिशव्या गावोगाव फिरवून विकणारे व्यापारी त्या सवलतीत बसत नाहीत.

उत्तर: कृषी सेवा केंद्र चालक, चांदवड

मी विक्रेता आहे, तरीही माझी बाजू कृपया ऐकून घ्यावी. आम्ही सीलबंद पाकीट घेतो आणि सीलबंद पाकीट देतो. आतला दाणा रांगड्याचा की उन्हाळाचा, हे आम्हाला डोळ्यांनी कळत नाही. तरी सामनेवाले म्हणून आमचे नाव येते, परवाना आमचा निलंबित होतो आणि कंपनी पुढच्या हंगामात नव्या नावाच्या पाकिटात परत येते. २०२३ साली राज्य सरकारने अप्रमाणित व भेसळयुक्त निविष्ठांबाबत (बियाणे, खते, कीटकनाशके) विधेयके मांडली, तेव्हा राज्यभर विक्रेत्यांनी नोव्हेंबरात दुकाने बंद ठेवली ती याच भीतीने. शिक्षा कडक असावी, याला आमच्यातल्या प्रामाणिक माणसांचा विरोध नाही. ती दोष जिथे जन्मला तिथे पोहोचावी, इतकेच आमचे म्हणणे आहे. कीटकनाशक कायद्याच्या कलम ३०(३) मध्ये तशी सोय आहे: परवानाधारकाकडून माल घेतला, योग्य तऱ्हेने साठवला आणि भेसळ कळणे शक्य नव्हते, हे सिद्ध केल्यास विक्रेत्याला संरक्षण मिळते.

निवृत्त साहेबांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नमुने हंगामाच्या तोंडावर आमच्या फळीवरून घेण्याऐवजी महिना-दीड महिना आधी कंपनीच्या गोदामातून आणि बीजप्लॉटवरून घेतले, तर खराब लॉट आमच्यापर्यंत येणारच नाही. बिलावर वाण, लॉट क्रमांक आणि शेतकऱ्याचे नाव लिहिणे हे आमचे कर्तव्य आहे आणि जो दुकानदार ते लिहीत नाही त्याच्याकडून माल घेऊच नये. निफाडच्या दादांनी त्यांच्या दुकानदाराकडून त्या लॉटची साठा नोंद आणि कंपनीच्या बिलाची प्रत मागून घ्यावी. विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवावीच लागते.

उत्तर: द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

कांद्याच्या चर्चेत द्राक्षाचे लिहितो, कारण दुखणे एकच आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली आणि नाशिकच्या बागायतदारांनी काय सोसले ते पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर आम्ही फवारणीची वही काटेकोर ठेवू लागलो. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, शिफारशीतलीच औषधे वापरली जातात, काढणीपूर्वीचे प्रतीक्षा दिवस पाळले जातात आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. आता अडचण वहीबाहेरच्या गोष्टीची आहे. वनस्पतिजन्य अर्क, जैविक टॉनिक अशा नावाने विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असते. फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, साफ होतात आणि शेतकरी खूश होतो. महिन्याभराने अंश तपासणीत अशा रसायनाचे नाव येते जे आम्ही कधी विकतही घेतलेले नाही. गेल्या हंगामात माझ्या एका प्लॉटला हेच झाले आणि माल निर्यातीऐवजी स्थानिक बाजारात द्यावा लागला.

त्या वेळी मला जे कळले ते असे, की आपण फोडलेल्या बाटलीतला नमुना कायद्याच्या दृष्टीने फारसा उपयोगी नसतो. कीटकनाशक निरीक्षकाने त्याच बॅचची सीलबंद बाटली दुकानातून किंवा गोदामातून रीतसर घ्यावी लागते आणि मग विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल विरुद्ध गेला तर समोरच्याला २८ दिवसांत तो आव्हानित करून केंद्रीय प्रयोगशाळेची मागणी करता येते. हे सगळे होईपर्यंत द्राक्षाचा हंगाम उलटतो आणि बॅचही बाजारातून संपते. म्हणून माझी सर्व बागायतदारांना विनंती आहे की बाटलीवर केंद्रीय नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादन व मुदत संपण्याची तारीख आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण नसेल, तर ती कीटकनाशक म्हणून विकत घेऊ नये. टॉनिक म्हणून विकलेल्या वस्तूने किडी मरत असतील तर आनंद मानू नये, लगेच निरीक्षकाला लेखी कळवावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. बाटलीत काय आहे हे न कळणे म्हणजे मजुराला विषबाधा झाल्यावर डॉक्टरांना उतारा कोणता द्यावा हेही न कळणे आहे. निर्यातीचे नुकसान त्यापुढे काहीच नाही.

उत्तर: कांदा उत्पादक, निफाड

सर्वांचे मनापासून आभार. काल समिती येऊन गेली. दोन्ही तुकड्यांची मोजणी वेगवेगळी लिहून घेतली, कंपनीचे प्रतिनिधी हजर होते आणि पाकीट निरीक्षक साहेबांनी मोहोरबंद करून नेले. मसुद्यात कारण म्हणून प्रथम 'हवामान व इतर घटक' असे आले होते. मी नम्रपणे घरच्या कांद्याकडे बोट दाखवले, तेव्हा शास्त्रज्ञांनी स्वतः तेथील वीस-पंचवीस कांदे उपटून शेजारी-शेजारी मांडले, आडवे कापून पाहिले आणि रंग, मान व जोड यांतील फरक वाणशुद्धतेच्या अभावामुळे असल्याचे आपले मत लिहिले. डेंगळ्यांबाबत मात्र 'वाण व थंडी यांचा एकत्रित परिणाम' असे लिहिले आहे. त्याने प्रकरण कमकुवत होईल का? आणि काढणी आता किती दिवस थांबवावी?

उत्तर: निवृत्त कृषी अधिकारी, नाशिक

कमकुवत होणार नाही. शास्त्रज्ञांनी जे पाहिले तेच लिहिले आहे, आणि असा तोललेला अहवाल आयोगापुढे एकतर्फी अहवालापेक्षा अधिक वजनदार ठरतो. भेसळीचे कारण स्पष्ट आले, हे महत्त्वाचे. अहवालाची सही-शिक्क्याची प्रत आठ दिवसांत मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

काढणी थांबवू नका, डेंगळ्यांचा माल वावरात ठेवून आणखी खराब होईल. मात्र दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिवशी काढा, काढणीची तारीख समितीला आधी लेखी कळवा, ढीग वेगळे ठेवा आणि बाजार समितीत दोन्हींचा लिलाव शक्यतो एकाच दिवशी, वेगळ्या वाहनांतून करा. एकाच दिवशीच्या दोन हिशोबपट्ट्यांवरचा वजनाचा आणि भावाचा फरक हाच आपल्या नुकसानीचा आकडा असेल. घरच्या कांद्यातला जो माल चाळीत भरणार आहात त्याची नोंद पंचांच्या सहीने वेगळी ठेवा, म्हणजे साठवणीतून मिळणाऱ्या भावाचा फरकही मागता येईल.